सुमंगलाबायचा पार

गोव्यातल्या डिचोलीच्या पेठेत गाण्याचा कान नसलेलं माणूस शोधून सापडायचं नाही, असं आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. ते साफ खोटं आहे. सुमंगला परब होती की! बसस्टँडकडून पेठेत शिरलं की डाव्या हाताला तिचं दुकान. चहा, पातळ भाजी, उसळ, पाव आणि मिरच्यांची भजी. दुकानात रेडिओ नाही, टीव्ही नाही. कुणी गिऱ्हाईक मोबाइलवर अभंग लावून डोळे मिटून बसलं, तर ती त्याच्या कपाकडे बोट दाखवून म्हणायची, "आधी च्या पी, मगे आयक. थंड झाली तर माझ्याच नावान बोंबलशीत." अशा बाईच्या पदरात देवानं नवरा टाकला तो घुमटाच्या वेडाचा. जोड्या जुळवताना देवालाही मधूनमधून गंमत करायची लहर येत असावी.

नवऱ्याचं नाव मधुकर. दोघंही मूळचे सिंधुदुर्गातले, दोडामार्गाकडचे. लग्न झालं आणि मधुकर खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे आला. त्याच्या मागोमाग सुमंगला आली. पहिलं वर्षभर तिनं खोलीत बसून छपराकडे बघितलं. मग छपराचा कंटाळा आला म्हणून नवऱ्याच्या चार ड्रायव्हर दोस्तांना पहाटेची भाजी-पाव करून घालायला लागली. चाराचे चाळीस झाले तेव्हा कृष्णनाथ शेटनं आपल्या कापडाच्या दुकानाला लागून असलेली जागा तिला भाड्यानं दिली. खनिजाचे ट्रक रस्त्याला रांगेत लागायचे आणि ड्रायव्हर-क्लीनर तिच्या बाकांवर. खनिजाच्या धुळीनं बाकं पुसली तरी लाल, कप धुतला तरी कडेला लाल. सुमंगलाच्या हाताला मात्र उसंत नव्हती, आणि तिला तेच हवं होतं.

मधुकर ट्रकवरून उतरला की आंघोळ करून थेट घुमट घेऊन आरतीच्या सरावाला. घुमट म्हणजे आमच्याकडचं मातीचं वाद्य. मडक्याच्या एका तोंडाला कातडं ताणून बसवतात, दुसरं तोंड उघडं. चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी आरत्यांना ते वाजतं. सुमंगलाला त्यातलं एकच कळायचं: चतुर्थीला मंडळी आरती करून दमली की त्यांना खायला लागतं. त्यामुळे बाहेर घुमटं वाजत असताना ती आत तळणीच्या कायलीपाशी उभी. इतकी वर्षं संसार झाला, पण नवरा वाजवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे तिनं समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. मधुकरनं पूर्वी दोन-चारदा ऐकायला ये म्हणून विचारलंही होतं. नंतर त्यानं नाद सोडला.

मग दोन हजार बारा साली, ऐन चतुर्थीच्या तोंडावर, खाणी बंद झाल्या. पहिले काही दिवस पेठेत लोकांना भलतंच बरं वाटलं. झाडांची पानं हिरवी दिसायला लागली, वाळत घातलेले कपडे पांढरे निघायला लागले. पण धूळ गेली तशी तिच्या पाठोपाठ गिऱ्हाईकंही गेली. ड्रायव्हर आपापल्या गावी परतले, गॅरेजं ओस पडली, आणि कापडवाल्यापासून कासारणीपर्यंत सगळे दुकानाच्या पायरीवर बसून एकमेकांची तोंडं बघू लागले. मधुकरचा ट्रक मालकाच्या आवारात उभा राहिला. मधुकर घरी. सुमंगला मात्र रोज पहाटे उठून भाजी टाकायची. अर्धी खपायची, अर्धी घरी यायची. दोघं रात्री तीच खायची.

असं वर्षभर चाललं. एक दिवस कृष्णनाथ शेट दुकानात आला, बाकावर बसला, चहा मागवला, उसळीचं कौतुक केलं. शेट मोठा गोड माणूस. सत्तरीकडे झुकलेला, गाण्याचा दर्दी, कुणाला वाकडं बोलणं त्याच्या जिवावर यायचं. त्यामुळे त्यानं उसळीचं दुसऱ्यांदा कौतुक केलं तेव्हाच सुमंगलानं ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"सुमंगलाबाय, तुका खोटें सांगना," शेट म्हणाला. "म्हजो भाचो मोबाइलाचें दुकान घालपाक सोदता. तुजेंय हांगा कांय चलना. शिगमो जातकच जागा मेकळी करून दी."

"बरा," सुमंगला म्हणाली, आणि आत जाऊन कांदा चिरू लागली. त्या दिवशी कांद्याची काही गरज नव्हती.

शिमग्यानंतर जागा सोडायची याचं तिला दुःख नव्हतं, असं ती मधुकरला म्हणाली. तेही खोटं. गावी ती मधुकरची बायको होती, त्याआधी कुणाची तरी मुलगी होती. पेठेत मात्र ती सुमंगलाबाय होती. भल्या भल्या ड्रायव्हरांना तिनं दटावलं होतं, तापानं फणफणलेल्या क्लीनरांना बाकावर निजवून पेज पाजली होती. दुकान गेलं तर गावी परतून जावेच्या चुलीपाशी दुसऱ्या नंबरानं बसायचं, हे तिला दिसत होतं.

आता गंमत बघा. पेठ जगवण्यासाठी रस्त्यावर गाण्याचा महोत्सव भरवावा, ही कल्पना काढली ती याच कृष्णनाथ शेटनं. जानेवारीतला एक शनिवार आणि एक रविवार. दुपारनंतर पेठेचा रस्ता वाहनांना बंद, चौकात मंच, कमानींना दिवे. शनिवारी शास्त्रीय गायन, रविवारी भजन आणि घुमट आरती. पणजी-म्हापशाहून लोक येतील, ऐकतील, फिरतील, चार वस्तू घेतील, पेठेत पुन्हा वर्दळ होईल. सगळ्या दुकानदारांनी माना डोलावल्या. आमच्याकडे गाण्याच्या कुठल्याही प्रस्तावाला माना आधी डोलतात आणि विचार मागाहून येतो.

शनिवारी लोक खरोखरच आले. पणजी-म्हापशाचे आले, साखळी-कारापूरचे आले, तिकडे पेडण्यातल्या हळर्णहून एक अख्खी जीप भरून आली. पेठेला इतकी माणसं बघायची सवय राहिली नव्हती. कमलाक्षी कासारणीनं तर दुकानातल्या सगळ्या बांगड्या पुसून नव्यानं मांडल्या होत्या. सगुण न्हाव्यानं सलूनच्या आरशाला झेंडूची माळ घातली होती.

इतक्यात चौकात तंबोरे जुळवायला सुरुवात झाली, आणि पेठेनं तिला शोभेलसा गाढवपणा केला.

आमच्याकडे पूर्वापार रीत आहे की देवीची पालखी पेठेतून निघाली की दुकानदार दुकान बंद करतो, पायरीवर पणती लावतो आणि हात जोडून बाहेर उभा राहतो. पालखीसमोर धंदा करणं म्हणजे पाप. आणि गाणं हे आमच्याकडे पालखीच्या खालोखाल. तंबोऱ्याचा सूर कानावर पडताच सगुणनं शटर ओढलं आणि पायरीवर पणती लावली. ते बघून कमलाक्षीनं लावली. आपण एकटे उघडे राहिलो तर बरं दिसत नाही म्हणून मिठाईवाल्यानं लावली. कृष्णनाथ शेट तर समितीचा अध्यक्ष. त्यानं शटर ओढून कुलूप घातलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. जो तो मनात म्हणत होता, मी एकटा बंद केला म्हणून काय बिघडतंय, शेजाऱ्याचं उघडं असेलच की. थोड्याच वेळात ज्या पेठेसाठी हा सगळा घाट घातला होता, ती अख्खी पेठ मंचासमोर ठाण मांडून बसली, आणि पाहुण्यांसाठी उरल्या त्या बंद शटरांपुढे तेवणाऱ्या पणत्या.

उघडं राहिलं फक्त सुमंगलाचं दुकान. तिला तंबोरा ऐकू आला होता, पण पाणी भरायची मोटर चालू झाली असं वाटून तिनं तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

मग सगळा लोंढा तिच्याकडे वळला. भाजी संपली, उसळ संपली. पाव संपला म्हणून पाव भाजणाऱ्या पोदेराकडे निरोप धाडला तर पोदेर तिसऱ्या रांगेत बसून ताल देत होता. एका बाईला पोरासाठी पाण्याची बाटली हवी होती. एकीच्या चपलेचा अंगठा तुटला होता. म्हापशाच्या एका जोडप्याला शटर पडायच्या आधी पलीकडच्या काचेत पाहिलेली साडी घ्यायची होती आणि दुकान कधी उघडेल, असं ती दोघं सुमंगलालाच विचारत होती. ती कायलीपाशी उभी राहून सगळ्यांना एकच उत्तर देत होती: "उद्या येवा." शेवटी बेसनही संपलं. उपाशी माणसं गाणं अर्ध्यावर टाकून बसस्टँडकडे निघाली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलेलं माणूस न जेवता परत जाणं तिला आयुष्यात कधी सोसलं नव्हतं.

रविवारी सकाळी समितीची बैठक भरली ती तिच्याच दुकानात, कारण सकाळचा चहा दुसरीकडे मिळत नव्हता. मंडळी गाण्यावर खूश होती. गवई कसा रंगला, तबलजीनं काय साथ केली, यावर चहाचे दोन-दोन कप झाले. मग कुणीतरी विचारलं की धंदा किती झाला. सगळे कपात बघू लागले.

"खरें म्हळ्यार कांयच जालें ना," कृष्णनाथ शेट म्हणाला. "रस्तो बंद केलो म्हण बसवाले रागार. आज आमी रस्तो मेकळो सोडूया आनी भजनां देवळाच्या सभामंडपांत करूया. लोक आयले खरे, पूण पेठेक कितें मेळ्ळें?"

सुमंगला पावांची टोपली घेऊन आतून येत होती. तिनं टोपली टेबलावर आदळली.

"पेठेक मिळतला कसा?" ती म्हणाली. "पेठ काल कुलूप घालून गाणा आयकूक गेल्ली."

मंडळी चपापली. सगुणला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घातलं.

"गवय समोर बसतकच दुकान उगडें दवरप?" शेट दुखावून म्हणाला. "तूं भजीं तळत आशिल्लें. तुका कांयच वाटलें ना?"

"वाटला मां. आणि चार हात व्हये होते, असा वाटला." सुमंगला आता थांबणार नव्हती. "माणसा उपाशी गेली, शेट. ल्हान पोराक पाणी मिळाक नाय. पणत्यो बघून कोणाचा पॉट भरता?"

कमलाक्षी खाली मान घालून म्हणाली, "पूण गो सुमंगला, गाणें आयकूंक कोणाक नाका? आमी मनशां न्हय?"

हा प्रश्न मात्र खरा होता. सुमंगलाला गाण्याची माया नव्हती, पण कमलाक्षीची होती. तिनं पदराला हात पुसले. आपल्या गावचा भजनी सप्ताह तिच्या डोळ्यांसमोर आला.

"आमच्या गावात सप्तो होता," ती म्हणाली. "रात्रंदिवस भजन. झांज म्हणून खाली ठेवची नाय. म्हणून काय आख्खो गाव सात दिवस तसोच बसान ऱ्हवता? वाडये-वाडयेक पार वाटून दिलेले असतत. एका वाडयेचो पार सरलो की ती उठता, दुसरी बसता. उठलेली वाडी घराक जावन जेवता, ढोरांक चारो घालता. देव कधी रागावलो काय? तशेच दुकानांचे पार लावा. एकान आयकाचा, शेजाऱ्यान दोनय दुकाना बघायची. मगे बदलायचा."

बैठकीत एकच हशा झाला. पार, म्हणजे प्रहराची पाळी, कुणाला माहीत नव्हता असं नाही. डिचोलीतही सप्ताहाला पार असतात, त्यात सगळ्यांनी झांजा वाजवलेल्या. पण देवाची रीत धंद्याला लावायची, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आलं असतं तरी कुणी बोललं नसतं.

"आनी म्हज्या वस्तऱ्यार कोण रावतलो?" सगुण म्हणाला. "ही कमलाक्षी?"

"तू तिच्या बांगड्यो भर, ती तुझ्या गिरायकाक बसवन ठेवतली," सुमंगला म्हणाली. "दाढी काय पळान जाता?"

शेटनं हात वर केला. "हें जमचें ना, सुमंगलाबाय. रातोरात कोणूच शिकना."

तेव्हा ती बोलून गेली. बोलायचं ठरवलं नव्हतं. पण मनात महिनाभर कोंडलेलं होतं ते तोंडातून निघालं.

"जमला नाय तर शिगम्याची वाट बघू नुको. उद्या सकाळी जागा सोडतंय. आणि जमला, तर माझे हात चालतत तोपर्यंत ही जागा माझी. सांगा सगळ्यांच्या समोर."

मधुकर कोपऱ्यात बसला होता. त्याच्या हातातला पाव हातातच राहिला. गाण्याची बैठक रस्त्यावर राहावी असं कृष्णनाथ शेटलाही मनातून वाटत होतंच. आणि हट्ट कुणाचा का असेना, त्याला मनापासून आवडायचा.

"जाता," तो म्हणाला. "पूण नेम सगळ्यांक एकूच. पार तुकाय आसा. तुवेंय बसपाक जाय."

"माका? माका गाण्यातला काय कळना नाय."

"कळपाची गरज ना. बसपाची आसा."

"आणि मगे कायलीर कोण?"

पेठ पुन्हा हसली, या वेळी शेटकडे बघून. सुमंगलाच्या शेजारचं दुकान शेटचं. शेटनं एकदा भोवती पाहिलं, एकदा आपल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच खणलेल्या खड्ड्यात मोठ्या ऐटीत उडी मारली. "नेम म्हळ्यार नेम," तो म्हणाला.

रविवारची संध्याकाळ आमच्या पेठेत अजून सांगतात, आणि सांगणारा दर वर्षी थोडी फोडणी वाढवतो. मी वाढवत नाही. तशी गरजच नाही.

भजन सुरू झालं आणि अर्धी पेठ उठून ऐकायला गेली; उरलेल्या अर्ध्या पेठेनं दोन-दोन दुकानं ताब्यात घेतली. सगुण न्हावी कमलाक्षीच्या दुकानात बसला. वर्षानुवर्षं लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेला त्याचा हात. बायकांच्या मनगटात त्यानं अशा अलगद बांगड्या चढवल्या की एक फुटली नाही. म्हापशाच्या दोन बायका तर पुन्हा फिरून त्याच्याचकडे आल्या. त्याचा पार आला तेव्हा कमलाक्षी सलूनमध्ये गेली. तिनं वस्तऱ्याला हात लावला नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला बाकावर बसवून, तोंडाला साबणाचा फेस लावून, "हालूं नाका, आतां येता तो" असं दटावून ठेवलं. सगुण परत आला तेव्हा बाकावर फेसाळलेली माणसं ओळीनं बसली होती आणि भजनाला ताल देत होती. मिठाईवाल्यानं चपला विकल्या. चपलावाल्यानं पेढे विकले. वजनात त्याचा हात सढळ होता, त्यावर पुढे दोघांत थोडी बाचाबाची झाली. सोनारांनी तेवढा पार घेतला नाही. सोन्याच्या बाबतीत शेजारधर्म कुठेतरी थांबतोच, आणि ते कुणी मनावर घेतलं नाही. पोदेरानं मात्र सायकलवरून फेऱ्या मारून मारून पाव पुरवला आणि मध्ये मध्ये उभ्या उभ्या गाणं ऐकलं.

लोक कालच्यापेक्षा जास्त होते. पण आज ते निघून जात नव्हते. ऐकायचे, उठायचे, खायचे, काहीतरी घ्यायचे, पुन्हा येऊन बसायचे. पेठेतून माणसांचा जो आवाज उठत होता, तो दीडेक वर्षात कुणी ऐकला नव्हता.

दिवेलागणीनंतर सुमंगलाचा पार आला. तिनं शेटला सगळं समजावलं. मीठ किती, सोडा किती, तेल तापल्याचं कसं ओळखायचं. शेट विद्यार्थ्यासारखा मान हलवत होता. "धुरावला तर आच बारीक करा," ती सांगत राहिली. "मिरची सोडताना हात लांब ठेवा." शेवटी शेटनं तिला खांद्याला धरून बाहेर काढलं.

ती चौकात जाऊन दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीच्या कडेवर बसली, म्हणजे उठायला सोपं. डोक्यात सगळं तेलच होतं. समोर मंचावर कोण येतंय, इकडे तिचं लक्ष नव्हतं. मंडळी येऊन बसली, शामेळाच्या छोट्या नगाऱ्यावर काठी पडली, झांजा किणकिणल्या, आणि मग एकदम घुमटं वाजली. सुमंगलानं मान वर केली. मधोमध मधुकर बसला होता.

घुमट त्याच्या मांडीवर. डावा तळवा मागच्या उघड्या तोंडावर मिटत-उघडत होता आणि उजवा हात कातड्यावर नाचत होता. ट्रकचं स्टिअरिंग फिरवून राठ झालेला तो हात तिला ठाऊक होता. तो असं काही करू शकतो, हे ठाऊक नव्हतं. गाण्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. तिच्या लक्षात आलं की लय बदलायच्या आधी पथकातले सगळे, चांगले पांढऱ्या केसांचेसुद्धा, मधुकरच्या तोंडाकडे बघतात. तो भुवई हलवतो आणि सगळी घुमटं एकदम पळतात. तो हळू होतो आणि सगळी हळू होतात. घरी ज्याला ती लाकडं आणायला पिटाळायची, त्या माणसाच्या भुवईवर एवढी माणसं चालत होती. आणि गेलं वर्षभर, कामावाचून घरी बसलेला असताना, त्यानं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

सुमंगलाला रडू आलं. भरून आलं, डोळे पाणावले वगैरे नाही. चक्क रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. सरावाहून आलेल्या त्याच्या लाल तळव्यांकडे बघून आपण दर वेळी काय काय बोललो, ते सगळं तिला आठवलं. ती खुर्चीत मागे सरकून नीट टेकून बसली. तेल तिच्या डोक्यातून गेलं ते गेलंच.

मधुकरला ती दिसली तेव्हा त्याचा एक ठोका चुकला, असं पथकातले सांगतात. मधुकर ते कबूल करत नाही.

आरती संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मग कुठे तिला दुकानाची आठवण झाली. पार अजून थोडा उरला होता, पण तिचा पाय थांबेना. ती लगबगीनं पेठेच्या तोंडाशी आली आणि बघते तर दुकानाचं दारच दिसेना. पायरीपासून निघालेली माणसांची रांग शेटच्या कापडाच्या दुकानापुढून वळून पलीकडे गेली होती. तिला वाटलं, काहीतरी पेटलं, नाहीतर म्हातारा भाजला.

ती गर्दीतून वाट काढत पुढे शिरली. आत कायलीपाशी कृष्णनाथ शेट उभा होता. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत, कपाळावर बेसन, भुवयांवर बेसन. एका हातात झारा, दुसऱ्या हातात कागद. त्यानं मान वर न करता झारा हलवला.

"फाटल्यान राव गे बाय," तो ओरडला. "लायन दिसना तुका?"

सुमंगला मागे जाऊन रांगेत उभी राहिली.

पुढे म्हापशाचं कालचं जोडपं होतं. साडी घेतली होती. बाई पिशवीत हात घालघालून तिचा काठ नवऱ्याला दाखवत होती. मागे कारापूरचे चौघे भाऊ पुढच्या वर्षी आपलं पथक आणायच्या गोष्टी करत होते. पलीकडे पायरीवर कमलाक्षी रिकाम्या झालेल्या बांगड्यांच्या खोक्यांवर बसून वारा घेत होती. तिनं सुमंगलाला रांगेत बघितलं आणि ती इतकी हसली की खोक्यांवरून घसरली.

नंबर आला. शेटनं कागदात भजी ठेवली, पाव ठेवला, पुढे केला. मग त्याला तोंड दिसलं.

"अगे, तूं?"

"मी," सुमंगला म्हणाली.

घाम शेटच्या नाकावरून ओघळत होता. एवढा खूश माणूस पेठेत त्या दिवशी दुसरा नव्हता.

"खाऊन सांग," तो म्हणाला. "मीठ समा आसा?"

तिनं एक भजं तोडून खाल्लं. मीठ कमी होतं, आणि मिरची आतून कच्ची होती. दुसरं कुणी असतं तर तिनं तिथल्या तिथे सुनावलं असतं.

"बरी झाल्यात," ती म्हणाली.

"भाच्याक म्हज्या दुकानांत कोनशाक जागो दितां," शेट म्हणाला, आणि पुढची मिरची बेसनात बुडवली. "ही जागा तुजी. हांगा मोबाइल विकूंक लागलो जाल्यार हे लोक माका खातले."

सुमंगलाला काहीतरी बोलायचं होतं. पण मागच्या कारापूरवाल्या भावांपैकी थोरला वाकून म्हणाला, "मामी, तुमची घेऊन झाली मगो? मात्शें कुशीक सरा, आमकां भूक लागल्या."

ती बाजूला सरली. कोपऱ्यातल्या बाकावर कुणीतरी सरकून तिला जागा करून दिली. मधुकर घुमट काखेत मारून आला आणि तिच्या शेजारी बसला. तिनं कागद दोघांच्या मध्ये ठेवला. एवढ्या वर्षांत आपल्या दुकानात बाकावर बसून तिनं कधी काही खाल्लं नव्हतं. शेट कायलीवरून हाका मारत होता, मीठ कुठे, बेसन कुठे. तिनं बसल्या जागेवरूनच सांगितलं, आणि पार संपेपर्यंत ती उठली नाही.